मेसॉनची बंद दारे आणि होमी भाभा

मलकापूरच्या रेल्वे स्थानकावर रात्री मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत बहुधा एखादे कुटुंब असे असते, ज्याच्या सामानात कपड्यांच्या पिशवीबरोबर एक्स-रेचे मोठे पाकीट आणि तपासण्यांची जाडजूड फाईल असते. कुठे निघालात म्हणून विचारले तर उत्तर एकाच शब्दात मिळते : टाटाला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची एवढी ओळख बुलडाणा जिल्ह्यात पुरते. पण हे कर्करोग रुग्णालय आरोग्य खात्याच्या नव्हे, तर केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याच फलाटावर आणखी एक गोष्ट घडत असते. ती कोणाला दिसत नाही. आकाशातून आलेले म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण पत्र्याचे छप्पर, डोके, हातातली फाईल आणि पायाखालची फरशी, सगळे भेदून जमिनीत जात असतात. दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक, म्हणजे पसरलेल्या तळहातातून मिनिटाला शंभरएक. रुग्णालयाचा अणुऊर्जेशी जुळलेला संबंध आणि या कणांच्या उलगड्याचा एक मोठा भाग, दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्याशी जोडलेले आहेत. तो माणूस म्हणजे होमी जहांगीर भाभा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर वकील होते, आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख. वडिलांची बहीण मेहेरबाई ही जमशेदजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांची पत्नी. हा मुलगा तान्हेपणी फार कमी झोपत असे आणि काळजीत पडलेल्या आईवडिलांनी त्याला युरोपातल्या डॉक्टरांना दाखवले, अशी एक गोष्ट सांगतात. बाळ धडधाकट निघाले. कमी झोप म्हणजे तल्लख मेंदू असा निष्कर्ष मात्र त्यातून कोणी काढू नये.

घरात पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, चित्रे आणि पुस्तके भरपूर होती. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. जायचे कारण घरच्यांनी ठरवलेले होते. यंत्र अभियांत्रिकी शिकायची, परत यायचे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठी जागा सांभाळायची. पण केंब्रिजमध्ये तेव्हा डिरॅकसारखे लोक पदार्थविज्ञान पायापासून नव्याने मांडत होते. वर्षभरातच भाभांनी वडिलांना पत्र लिहून आपला जीव अभियांत्रिकीत रमत नाही, पदार्थविज्ञान हेच आपले काम आहे, असे कळवले. वडिलांनी तोडगा काढला : आधी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण हो, मग गणिताचा खर्च मी देतो. १९३० मध्ये अभियांत्रिकीत प्रथम वर्ग आला, १९३२ मध्ये गणितातही आला. पुढे ट्रॉम्बे उभारताना या नकोशा अभियांत्रिकीचा उपयोग झालाच असणार.

याच काळात घरावर एक आघात झाला. १९३१ मध्ये आत्या मेहेरबाई ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या काळात ल्युकेमियावर परिणामकारक औषध असे काही नव्हतेच. निदान झाले की दिवस मोजायचे. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या रोगांवरील संशोधनासाठी निधी उभारला, आपली बहुतेक संपत्ती न्यासाकडे सोपवली आणि १९३२ मध्ये तेही गेले. त्या न्यासातून १९४१ मध्ये परळचे रुग्णालय उभे राहिले. होमी तेव्हा तिशी ओलांडलेले नामवंत शास्त्रज्ञ होते आणि त्यांचे लक्ष आकाशाकडे लागलेले होते.

आकाशातून सतत काही किरण येतात हे १९१२ पासून माहीत होते. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. ते वातावरणावर आदळतात तेव्हा काय होते, हा भाभांच्या तरुणपणीचा मोठा प्रश्न होता. १९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्याचा एक भाग सोडवला. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूजवळून जाताना गॅमा किरण फेकतो, त्या गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन अशी जोडी निघते, ते दोघे पुन्हा गॅमा किरण फेकतात. एकाचे दोन, दोनाचे चार असा वर्षाव होतो. पण प्रत्येक पायरीला ऊर्जा वाटली जाते आणि काही किलोमीटरमध्ये हा वर्षाव विझू लागतो. इलेक्ट्रॉनची ही गत असेल तर जाड शिशाची भिंतही पार करून जाणारे जे किरण जमिनीवर सापडत होते, ते इलेक्ट्रॉन असू शकत नव्हते. इलेक्ट्रॉनहून जड आणि प्रोटॉनहून हलका असा कुणी तिसराच कण असला पाहिजे. अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमायर यांना त्याच सुमारास तो दिसलाही.

त्या कणाच्या बारशाची हकीकत गमतीची आहे. कोणी त्याला जड इलेक्ट्रॉन म्हणे, कोणी आणखी काही. अँडरसन यांनी मेसोटॉन सुचवले, तर मिलिकन यांनी इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनशी जुळवण्यासाठी त्यात एक र घालून मेसोट्रॉन केले. भाभांचे कान संगीताचे आणि शिक्षण जुन्या वळणाचे. १९३९ मध्ये नेचर या साप्ताहिकात त्यांनी दाखवून दिले की मधला या अर्थाच्या ग्रीक शब्दात ट्र हे अक्षर मुळातच नाही, ते इलेक्ट्रॉन-न्यूट्रॉनच्या मूळ शब्दांत आहे. सरळ मेसॉन म्हणावे. जगाने ते ऐकले.

याआधी १९३८ मध्ये त्यांनी त्याहून मोलाची गोष्ट लिहिली होती. असा मधला कण टिकाऊ नसणार, तो आपोआप फुटून हलक्या कणांत बदलणार. याला विघटन म्हणतात. वैद्यकातल्या झिजेशी त्याचे काही साम्य नाही. कण म्हातारा होत नाही. आत्ता जन्मलेला म्यूऑन आणि बराच वेळ जगलेला म्यूऑन यांची पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता सारखीच असते. या कणाचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. हे कण तर पंधराएक किलोमीटर उंचीवर जन्मतात. मग ते जमिनीपर्यंत पोचावेत कसे? भाभांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेकडे बोट दाखवले. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने सावकाश चालते, म्हणून त्याचे विघटन लांबते. नेहमीच्या म्यूऑनच्या बाबतीत ही वाढ चाळीसपटीच्या आसपास असते आणि तेवढ्यात तो जमीन गाठतो. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी प्रयोगाने ते खरे करून दाखवले.

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी मुंबईत आले आणि सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले, तिथे दोराबजी टाटा न्यासाच्या पैशातून वैश्विक किरणांचा छोटा विभाग उभा केला आणि युद्धकाळात विमानांतून उपकरणे उंच नेऊन मेसॉन मोजले. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर युरोपात जाण्याचा मार्ग त्यांना सहज मोकळा होता. पण १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी न्यासाला पत्र लिहिले. भारतात मूलभूत पदार्थविज्ञानाची एक पहिल्या दर्जाची संस्था काढावी, म्हणजे पुढे अणुऊर्जेची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ परदेशात शोधत फिरावे लागणार नाही, हा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडायला तेव्हा सतरा महिने बाकी होते.

१ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. वर्ष संपायच्या आत ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली, नंतर गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये, आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठच्या आपल्या इमारतीत. माणसे निवडण्याची भाभांची नजर चांगली होती. कोलकात्याला देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर फोटोच्या काचांवर मेसॉनच्या रेषा शोधणाऱ्या विभा चौधुरी १९४९ मध्ये या संस्थेत आल्या. गोव्यात जन्मलेले, धर्मानंद कोसंबींचे पुत्र दामोदर कोसंबी तर सुरुवातीपासून तिथे गणित सांभाळत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. पण दोघांचे बिनसले आणि १९६२ मध्ये कोसंबींचा करार पुढे वाढवला गेला नाही. भाभांना आपल्या मनाविरुद्ध वागणारी माणसे फार काळ सोसत नसत, असे या प्रकरणावरून वाटते.

इकडे मेसॉनच्या घरात उलथापालथ झाली. १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या पॉवेल यांच्या गटाला डोंगरमाथ्यावर ठेवलेल्या फोटोच्या थरांत एक नवाच कण दिसला. तो पायॉन. खरा मेसॉन तो होता. वातावरणात आधी पायॉन जन्मतो आणि सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात फुटून म्यूऑन देतो. जमिनीवर पोचणारा, ज्याच्यासाठी भाभांनी नाव सुचवले तो म्यूऑन मेसॉनच्या कुळातलाच नव्हता. तो इलेक्ट्रॉनचा जड भाऊ निघाला. नाव मात्र कुळाला चिकटून राहिले. आज मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी.

आता खरा पेच. पायॉन फुटतो तेव्हा एक विद्युतभारित कण आणि एक न्यूट्रिनो किंवा प्रतिन्यूट्रिनो निघतो. भारित कण म्यूऑन असू शकतो किंवा इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन म्यूऑनच्या २०७ पट हलका, म्हणून तो बनवायला ऊर्जा कमी लागते, वाट मोकळी. साध्या हिशेबाने पायॉनने इलेक्ट्रॉनच जास्त द्यायला हवेत. प्रत्यक्षात दहा हजार पायॉन फुटले तर इलेक्ट्रॉन देणारा जेमतेम एक. ज्या दाराने सगळ्यांनी जावे असे वाटते तेच दार जवळजवळ बंद.

याचे कारण फिरकीत आहे. सायकल दुरुस्त करणाऱ्या कुणालाही माहीत असते की उजव्या पायडलचे आटे सुलटे आणि डाव्या पायडलचे उलटे असतात. कणांनाही असे आटे असतात. पुढे जाताना कुणी उजवी फिरकी घेतो, कुणी डावी. ऋण पायॉनला स्वतःची फिरकी नाही, ती शून्य. तो फुटून दोन कण विरुद्ध दिशांना गेले की त्यांच्या फिरक्यांची बेरीज शून्यच व्हायला हवी, आणि त्यासाठी दोघांचे आटे एकाच जातीचे असावे लागतात. प्रतिन्यूट्रिनो नेहमी उजव्या आट्याचा. म्हणजे सोबतचा इलेक्ट्रॉनही उजव्या आट्याचा हवा. पण हे विघटन घडवणारे क्षीण बल इलेक्ट्रॉन तयार करते ते डाव्या आट्याचे. कण जितका हलका आणि वेगवान, तितका हा नियम कडक. इलेक्ट्रॉन हलका, प्रकाशाच्या अगदी जवळच्या वेगाने निघतो, म्हणून त्याला जवळजवळ मनाई. म्यूऑन जड, सावकाश निघतो, त्याच्यासाठी नियम सैल पडतो आणि तो सुटतो.

क्षीण बल डाव्या आट्याचे कण बनवते, हा नियम मांडणाऱ्या पहिल्या माणसांत भाभांच्या संस्थेतून गेलेला एक तरुण होता. केरळचे जॉर्ज सुदर्शन १९५२ ते १९५५ टाटा संस्थेत होते, मग अमेरिकेत रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे गेले. १९५७ मध्ये त्या दोघांनी हा नियम मांडला तेव्हा काही नामांकित प्रयोग त्याच्या विरोधात होते. त्यांतल्या एका प्रयोगात पायॉन इलेक्ट्रॉन देताना अजिबात सापडला नव्हता, एक टक्क्याचा शंभरावा भागही नाही. नियम म्हणत होता, दार जवळजवळ बंद आहे पण फट आहे, फटीतून अमुक इतके इलेक्ट्रॉन आलेच पाहिजेत. सुदर्शन आणि मार्शाक यांनी सिद्धांत मागे घेतला नाही. प्रयोगच चुकले असावेत, ते पुन्हा करावेत, असे त्यांनी सांगितले. पंचविशीतल्या संशोधकाने हे म्हणायला छाती लागते. १९५८ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत प्रयोग पुन्हा झाला आणि इलेक्ट्रॉन सापडले. पुढे प्रमाणही सिद्धांताशी जुळले.

फलाटावरच्या माणसाला याचे काय, असे विचारता येईल. ते दार उघडे असते तर पायॉनमधून इलेक्ट्रॉन निघाले असते, भाभा आणि हाइटलर यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांचा वर्षाव वरच्या हवेतच बहुतेक विझला असता आणि खाली म्यूऑनचा पाऊस पडलाच नसता. या पावसाने आरोग्याला धोका आहे का, अशी शंका पुष्कळांना येते. वैश्विक किरणांमुळे माणसाला वर्षाला सरासरी ०.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते. जमीन, हवा, अन्न यांतून मिळणारे धरून सगळी नैसर्गिक मात्रा सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ६ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे म्यूऑन आणि त्याच्या भाऊबंदांची पंधराएक वर्षांची भेट एका दमात. स्कॅन गरजेचा असेल तर खुशाल करावा. दुखले की स्कॅन काढा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणाऱ्यांनी मात्र हा आकडा लक्षात ठेवावा.

सुदर्शन मुंबईत होते त्या काळापर्यंत भाभांचे स्वतःचे संशोधन जवळपास थांबले होते. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, भाभा त्याचे अध्यक्ष. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग निघाला, भाभा त्याचे सचिव. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली. १९६० मध्ये सायरस आली. मेसॉनचा अभ्यासक आता सिमेंट, युरेनियम, परकीय चलन आणि मंत्रालयाच्या फायली यांत दिवस घालवू लागला. हा तोटा होता की फायदा, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. त्यांचे अंदाजही चुकले. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्षपद भूषवताना त्यांनी दोन दशकांत हायड्रोजनच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा काढण्याची रीत सापडेल असे भाकीत केले होते. सात दशके होऊनही त्यातून वीजघर उभे राहिलेले नाही.

पण या फायलींतच एक फाईल कर्करोगाची होती. अणुभट्टीत किरणोत्सारी समस्थानिके तयार करता येतात. त्यांतले कोबाल्ट-६० गाठी जाळायला वापरतात, आयोडीन-१३१ थायरॉइडच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी. हे पदार्थ बनवणारे आणि रुग्णाला देणारे एकाच छताखाली असले तर काम होईल, हे भाभांनी ओळखले. १९५७ पासून आरोग्य मंत्रालयाकडे असलेले टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. ज्या आत्याच्या दुखण्यातून त्या रुग्णालयाची कल्पना जन्मली, तिचा भाचा आता त्याचा सरकारी पालक झाला. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी पुढे देशी बनावटीचे कोबाल्ट उपचारयंत्र तयार केले त्याचे नाव भाभाट्रॉन, आणि टाटा मेमोरियलने संगरूर, वाराणसी आणि विशाखापट्टणम येथे उभारलेल्या रुग्णालयांनाही होमी भाभांचेच नाव आहे.

विज्ञानाची ओढ मात्र सुटली नव्हती. कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, टाटा संस्थेचे लोक म्यूऑन मोजत होते. इतक्या खोलवर म्यूऑनही संपत येतात. जिथे म्यूऑनचा गोंगाट नाही तिथे न्यूट्रिनो ऐकू येईल, या हिशेबाने तिथेच १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या खुणा जगाला मिळाल्या. तेच न्यूट्रिनो, जे पायॉन आणि म्यूऑन फुटताना निघतात.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा एअर इंडियाच्या बोइंग विमानाने व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. जिनिव्हाला उतरण्याआधी विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जणांपैकी कोणी वाचले नाही. चौकशीत वैमानिकाचा विमानाच्या जागेबद्दलचा अंदाज चुकल्याचे पुढे आले. घातपाताच्या कथा आजही फिरतात, त्यांना पुरावा नाही. भाभा ५६ वर्षांचे होते, अविवाहित होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या कुळाला मात्र अजून मोठे धक्के द्यायचे होते. भाभा हयात असतानाच फाय नावाच्या मेसॉनने एक कोडे घातले होते. तो स्ट्रेंज क्वार्क आणि त्याच्या प्रतिक्वार्कची जोडी. मेसॉनमधल्या जोडीला दोरीने बांधलेले दोन गडी समजावे. जोरात ओढले की दोरी तुटते, पण तुटलेल्या टोकांना तत्काळ नवे क्वार्क येऊन चिकटतात आणि एकाचे दोन मेसॉन होतात. मूळचे दोघे वेगवेगळ्या घरी गेले, एवढेच. ही सोपी वाट. दुसरी वाट अशी की मूळच्या दोघांनी एकमेकांना भिडून नाहीसे व्हायचे आणि उरलेल्या ऊर्जेतून सगळे कण नव्याने उभे राहायचे. फायची सोपी वाट दोन केऑन देते, पण त्यासाठी ऊर्जा कशीबशी पुरते, शंभरातली तीनच उरते. दुसऱ्या वाटेने तीन पायॉन मिळतात आणि ऊर्जा निम्म्याहून जास्त शिल्लक राहते. तरीही सहापैकी पाच फाय अरुंद दारानेच जातात. ओकुबो, झ्वाइग आणि इझुका या तिघांनी १९६३ ते १९६६ या काळात स्वतंत्रपणे ओळखले की मूळच्या जोडीने नाहीसे होण्याची वाट निसर्ग दडपून ठेवतो.

नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांना एकाच वेळी एक जड मेसॉन सापडला. प्रोटॉनच्या तिपटीहून जड, चार्म क्वार्क आणि प्रतिक्वार्कची जोडी. एका गटाने त्याला जे म्हटले, दुसऱ्याने साय, म्हणून आजही त्याचे नाव जे-साय असे जोडूनच घेतात. एवढा जड कण तत्काळ फुटायला हवा होता. तो अपेक्षेच्या हजारएक पट टिकला. दोरी तुटून दोन डी मेसॉन व्हायला ३७३० एकक ऊर्जा लागते आणि याच्याकडे होती ३०९७. सोपे दार ऊर्जेअभावी बंद. उरले भिडून नाहीसे होणे. त्यासाठी ग्लुऑन नावाचे बलवाहक कण फेकावे लागतात. एक फेकून चालत नाही, दोनही चालत नाहीत, सममितीच्या नियमांनी किमान तीन लागतात. क्वार्क जड असले की ते अगदी जवळ येऊन भिडतात आणि इतक्या जवळ तीव्र बल ढिले पडते, त्यामुळे प्रत्येक ग्लुऑनमागे शक्यता घटत जाते. तीन कुलपे एकामागे एक. याचाच थोडा जड भाऊ, ३७७० एककांचा, उंबरठा ओलांडतो. तो सरळ दोन डी मेसॉनमध्ये फुटतो आणि जे-सायच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकाच जगतो. वजनातला फरक पाचव्या हिश्श्याचा, आयुष्यातला तीनशेपट.

चार्म क्वार्क खरोखर आहे हे जगाला या लांबलेल्या आयुष्याने पटवले. फटकन फुटला असता तर तो चारचौघांसारखाच एक जड कण ठरला असता. रिक्टर आणि टिंग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले.

आता टाटा संस्थेचे शास्त्रज्ञ जपानमधल्या बेल-२ प्रयोगात आणि सर्नच्या सीएमएस प्रयोगात याहूनही जड, बॉटम क्वार्क असलेल्या मेसॉनची बंद दारे तपासतात. त्यांतले एक दार फारच घट्ट आहे. बी-एस नावाच्या मेसॉनने थेट दोन म्यूऑन देणे. ते एका पायरीत घडू शकत नाही, जड कणांच्या आडवळणाने जावे लागते. शिवाय पायॉनला नडलेली फिरकीची तीच अडचण इथेही आहे, कारण एवढ्या जड मेसॉनसमोर म्यूऑनसुद्धा हलकाच. सिद्धांत सांगतो, शंभर कोटींत तीन-चार वेळा. कुणी अनोळखी कण त्या आडवळणात लपला असता तर हा आकडा बदलला असता, म्हणून पंचवीसएक वर्षे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत शोध चालला. २०१५ मध्ये सीएमएस आणि एलएचसीबी या दोन गटांनी मिळून ते विघटन पाहिल्याचे नेचरमध्ये प्रसिद्ध केले. आकडा सिद्धांताच्या जवळच निघाला. त्याआधी ७६ वर्षे भाभांनी ज्या साप्ताहिकात मेसॉन हे नाव सुचवले तेच हे साप्ताहिक, आणि या निबंधाच्या लांबलचक लेखकयादीत मुंबईच्या टाटा संस्थेतली नावेही आहेत.